पाऊणपट

दाभोळच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्यामागे,
परकारने दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावल्या
आणि मला म्हणाला, मिस्त्री, कान लावा.

मी आपला ट्रॉलरचा माणूस.
रात्री सहा सिलिंडरचं लेलँड खाडीत शिरलं
की अंथरुणावरूनच सांगतो
कुणाची बोट, कितवं नोझल गळतंय.
मोटारीतलं मला काय कळतं, म्हणालो खरा,
पण हात आधीच फडक्याला पुसत होतो.

नवी मुंबईच्या शोरूममधून आलेली. पोरगा चालवत घेऊन आला.
पिवळी. हळदीची नाही, लाइफ जॅकेटची पिवळी.
पाच लिटर, आठ सिलिंडर,
बॉनेटवर दोन माणसं जेवायला बसतील.
बटण दाबलं तसे सुकटावरचे कावळे उडाले,
बायकांनी निवडणं थांबवून माना वर केल्या.
शेवंता म्हणाली, कुणाचा रे बैल सुटला?
पोरगा सांगत होता, शेजारी झोपलेले असले
तर पडद्यावरून आवाज कमी ठेवता येतो.
हे मला नवीन.
आमच्याकडे आवाज कमी झाला की मी पाना घेऊन धावतो.

जुनी रत्नागिरीच्या डॉक्टर बेहेऱ्यांची.
दोन दरवाजे, राखाडी, अठरा वर्षांची, तिसऱ्या हातातली.
इथेही सहा सिलिंडर, सगळे एका रांगेत.
मी परकारला विचारलं, लावली का?
लावलेली होती.
बॉनेटवर हात ठेवला तेव्हा कळलं,
वल्ह्याच्या दांड्यातून पाणी कळतं तसं.
मग वाकून बघितलं. दाराखालच्या पट्टीत खारा वारा शिरलेला,
बोटाने दाबलं तर पत्रा पापडासारखा.
रबरं गेलेली. तेल झिरपत होतं.
सुटे भाग पुण्याहून, नाहीतर थेट जर्मनीहून, महिन्याने.
किंमत नवीच्या पाव.

दापोलीच्या रस्त्याला दोन्ही फिरवून आणल्या.
नवी वळणाशी भांडली आणि जिंकली.
जुनी वळण दिसायच्या आधीच कुशीवर झाली होती.

मी म्हणालो, परकार, ही घे.
गंज मी कापतो, पत्रा जोडतो,
पावसाळ्याचे चार महिने माझ्या शेडमध्ये राहू दे.
वीस वर्षं मला असं एक इंजिन उघडून बघायचं होतं
हे मात्र बोललो नाही.

तो जुनीत बसला होता, दार उघडं टाकून.
सीटच्या फटीतून त्याने केसांचा चाप काढला,
लहान मुलीचा, लाल, वर प्लास्टिकची चेरी.
बघितला. होता तिथेच परत सारला.
म्हणाला, कुवेतला अकरा वर्षं मी हीच धुतली.
हीच नाय, पण हीच. मालकाच्या पोराची.
सीटखालून काय काय निघायचं, मिस्त्री!
नाणी, बिलं, एकदा कानातलं.
सगळं पिशवीत घालून वर नेऊन द्यायचो.
मोजून घ्यायचे.

मग बराच वेळ कुणीतरी बर्फ फोडत होतं तेवढंच.

त्याने नवी घेतली.
सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.
मागच्या शुक्रवारी धोपाव्याला जायला फेरीबोटीवर चढवताना
ओहोटी होती, फळी उभी होती,
नाकाखालचा ओठ काँक्रीटवर घासला.
शेडमध्ये ऐकू आलं मला. नोझल तसंच टाकून धावलो.
परकार उकिडवा बसलेला.
वीतभर ओरखडा, पिवळ्याखालून काळा वर आलेला.
संध्याकाळी पॉलिश मारतो, म्हणालो.
त्याने थुंकी लावून अंगठा फिरवला.
राहू दे, म्हणाला. हा माजा.

तेव्हा मी त्याला ते शिकवलं
जे त्याच्या तांडेल आजोबाला येत होतं
आणि बापाने सांगायचं राहून गेलं.
तिथी म्हण नाहीतर चांद म्हण,
त्याची पाऊणपट कर, भरतीची वेळ येते.
आज दशमी, म्हणजे साडेसात.
साडेसातला चढव. फळी आडवी असते.

बेहेऱ्यांना मी काल फोन केला होता, सहज.
जुनी गेटातच आहे म्हणाले.
बॅटरी उतरलीय.